पब्लिक नावाचं प्रायव्हेट फोल्डर

‘तुमच्या फाइल्स सुरक्षित आहेत.’ क्लाउड स्टोरेजवाल्या, म्हणजे इंटरनेटवर आपल्या फाइल्स ठेवून घेणाऱ्या कंपनीच्या मेलमध्ये हे वाक्य दिसलं की पुढचा मजकूर मी उभ्यानेच वाचतो. सगळं ठीक असताना असं सांगायला कुणी मुद्दाम येत नाही. बरं, वाक्यात खोटंही काही नसतं. फाइल्स खरंच सुरक्षित असतात. जातो तो त्यांचा पत्ता. घर जागेवर, माणसं घरात, गॅसवर चहासुद्धा उकळतोय. फक्त नगरपालिकेने ती गल्लीच नकाशावरून पुसून टाकलेली. आता पाहुणे पोचणार कसे, हा काही नगरपालिकेचा प्रश्न नाही.

या प्रकारातला मानाचा गणपती म्हणजे ड्रॉपबॉक्स या अशाच एका कंपनीचं पब्लिक फोल्डर. सुरुवातीच्या वर्षांत खातं उघडलं की फुकटच्या २ जीबीबरोबर ‘पब्लिक’ नावाचं एक फोल्डर आपसूक यायचं. त्यात फाइल टाकायची, तिच्यावर राइट क्लिक करायचं, ‘कॉपी पब्लिक लिंक’ निवडायचं. झालं. हाती येणारा पत्ता सरळ फाइलवर जायचा. मध्ये कुठलं पान नाही, निळं बटण नाही, ‘आमच्याकडे खातं उघडा’ची गळ नाही. पत्त्याची रचनाही ओळखीची: कंपनीचा सर्व्हर, तिरकी रेघ, ‘यू’, तिरकी रेघ, तुमचा खाते क्रमांक आणि पुढे फोल्डरचं नि फाइलचं नाव, जसंच्या तसं.

हे ‘जसंच्या तसं’ महत्त्वाचं होतं. ‘इंडेक्स’ नावाचं एचटीएमएल पान, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं वेबपान, ठेवा, शेजारी चित्रांचं फोल्डर ठेवा, पानात चित्राचा अर्धाच पत्ता लिहा, तरी सगळं जुळून यायचं. म्हणजे अख्खी वेबसाइट फुकटात. मग काय, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला जग धावलं. ब्लॉगचं बॅनर तिथे, बॅनर हलवणारी जावास्क्रिप्ट तिथे, पॉडकास्टच्या एमपी३ तिथे, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त तिथे, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च तिथे. फाइलमध्ये चूक निघाली तर आपल्याच कॉम्प्युटरवर दुरुस्त करून सेव्ह करायची. पत्ता तोच, आतला मजकूर नवा. इतकं सोपं काम मी त्यानंतर कुठल्याही क्लाउडवर पाहिलेलं नाही. जे इतकं सोपं आणि फुकट असतं ते फार दिवस टिकत नाही, हे मात्र तेव्हा कुणाच्या मनाला शिवलं नाही.

कंपनीने घाईगर्दी केली असंही म्हणता येत नाही. नव्या खातेदारांना हे फोल्डर आपोआप देणं २०१२ मध्येच थांबलं. ३ ऑक्टोबर २०१६ पासून फुकट खात्यांवरची एचटीएमएल पानं ब्राउझरमध्ये पान म्हणून उघडेनाशी झाली. १५ मार्च २०१७ ला फुकट खात्यांच्या पब्लिक फोल्डरची दारं बंद झाली आणि १ सप्टेंबर २०१७ ला पैसे भरणाऱ्यांचीही. पूर्वसूचनेचे मेल गेले होते. मेल जीमेलमध्ये कुठे पडतात हे सर्वांना ठाऊक आहे: शर्टांवरची सवलत आणि क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट यांच्या मध्ये, जिथे बायकोच्या वाढदिवसाची आठवणही न उघडता वारते.

यात सगळ्यात सुंदर काय, तर फोल्डर नाहीसं झालं नाही. ते होतं तिथेच राहिलं आणि नावही ‘पब्लिक’च राहिलं. आतून मात्र ते इतर कुठल्याही फोल्डरसारखं खासगी झालं. नवखा माणूस त्यात फाइल टाकून जगाने ती पाहावी म्हणून वाट बघत बसतो आणि नावावर विश्वास ठेवल्याचं फळ भोगतो.

कंपनीची बाजूही ऐकून घ्यायला हवी, जरा हळू आवाजात का होईना. जुन्या पत्त्यात खाते क्रमांक उघडा होता. तुमची एक लिंक हाती आली की पुढे ‘बायोडाटा डॉट पीडीएफ’, ‘मार्कशीट डॉट पीडीएफ’ असं टाकून बघायला कुणाची आडकाठी नव्हती. त्यातून मोठ्या कंपनीच्या पत्त्यावर कुणीही एचटीएमएल पान ठेवू शकतो म्हटल्यावर बँकेच्या लॉगिनची हुबेहूब नक्कल ठेवणारे महाभागही येणारच. मी त्या कंपनीत असतो तर २०१२ लाच कुलूप ठोकलं असतं. हे मी लिहितोय, पण लिंका तुटलेल्या माणसासमोर म्हणून दाखवणार नाही.

आता लिंका तुटलेली माणसं. त्यांच्यात काही ठरलेल्या जाती असतात. पहिली, मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणणाऱ्यांची. या मंडळींनी चार वर्षांत त्या फोल्डरमध्ये एक फाइल टाकलेली असते, पण ‘याच सोयीसाठी मी ही सेवा वापरत होतो’ हे वाक्य सर्वांत आधी त्यांच्याकडून येतं. दुसरी जात ‘फुकट होतं ना, मग रडता कशाला?’ असं विचारणाऱ्यांची. ही माणसं तर्काला पक्की असतात आणि त्यांना कुणी परत चहाला बोलवत नाही. तिसरी जात पैसे भरणाऱ्यांची. फुकट्यांवर मार्चमध्ये कुऱ्हाड पडली तेव्हा हे गालातल्या गालात हसत होते. सप्टेंबरात त्यांच्या हसण्याची मुदत संपली. चौथी जात ‘मी चाललो’ असं जाहीर करणाऱ्यांची. हे जात नाहीत. दर आठवड्याला येऊन आपण गेल्याचं सांगतात.

आणि जायचं म्हटलं तरी जायचं कुठे? पर्याय सुचवणाऱ्यांची पाचवी जात सर्वांत धोकादायक, कारण त्यांच्या यादीतल्या निम्म्या जागांवर आधीच फुलं वाहिलेली असतात. उबुंटू वनची फाइल सेवा १ जून २०१४ ला थांबली. कॉपी नावाची सेवा १ मे २०१६ ला. गूगल ड्राइव्हवरही एचटीएमएल पान थेट दाखवण्याची सोय होती. वर्षभर आधी सांगून तीही ३१ ऑगस्ट २०१६ ला काढली. ड्रॉपबॉक्सवरून पळून कुणी फोटोंसाठी फोटोबकेट गाठलं असेल, तर तिथे २०१७ च्या जूनअखेरीस नवी तऱ्हा: दुसऱ्यांच्या पानांवर फोटो दाखवायचा असेल तर वर्षाला ३९९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या वर. न भरल्यास फोटोच्या जागी ‘खातं अपग्रेड करा’ अशी पाटी. लोकांच्या जुन्या पानांवर गाडी दुरुस्तीच्या पायऱ्यांच्या जागी एका रात्रीत ओळीने त्याच पाट्या लागल्या. फायरफॉक्स सेंड आणखी नंतर आलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये गेलंही. ॲमेझॉन ड्राइव्हने ३१ डिसेंबर २०२३ ला मान टाकली. आगीतून फुफाट्यात म्हणावं, तर फुफाट्यालाही शेवटची तारीख.

पण सोय बंद झाल्यावर नेमकं मोडतं काय? कंपनी म्हणते, नवी शेअर लिंक घ्या, ती आणखी चांगली आहे. माणसाच्या दृष्टीने हे खरंही आहे. लिंक उघडली की छान पान येतं, फाइलची झलक दिसते, डाउनलोडचं बटण दिसतं. घोटाळा असा की जुन्या लिंका बहुतेक माणसं उघडतच नव्हती. उघडत होते ते ब्लॉगचे टेम्प्लेट, पॉडकास्टची ॲप्स, घड्याळाच्या विजेटमध्ये हवामानाचं चित्र आणणाऱ्या स्क्रिप्टा. यंत्राला बटण दाबता येत नाही. त्याला चित्र हवं असतं आणि हाती लागतं एक देखणं पान, ज्यावर चित्राचं चित्र आहे. मग ते चौकटीत फाटक्या कागदाचं चिन्ह काढून मोकळं होतं.

यावरचा उतारा लिंकच्या शेपटीत आहे. शेअर लिंकच्या शेवटी ‘डीएल=०’ असं असतं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. शून्य म्हणजे पान दाखव. शून्याचा एक केला की फाइल थेट उतरते. ‘डीएल=०’ काढून तिथे ‘रॉ=१’ लिहिलं की चित्र किंवा पीडीएफ ब्राउझरमध्ये सरळ उघडतं, ब्लॉगमध्येही बसतं. एवढ्यावर निभावतं असं वाटत असेल तर तुम्ही अजून लोकांना हे फोनवर सांगितलेलं नाही. निम्मे जण एकच्या आकड्याऐवजी इंग्रजी एल टाकतात. उरलेले प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळंच उडवतात, कारण पूर्वी तेवढं चालायचं. हल्लीच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर ‘आरएलकी’ नावाची किल्ली असते; ती उडवली की कुलूप उघडत नाही. काही जण किल्ली ठेवतात, पण ‘रॉ=१’च्या आधी दुसरं प्रश्नचिन्ह घालतात. पत्त्यात प्रश्नचिन्ह एकदाच. त्यानंतर जोडायला अँडचं (&) चिन्ह.

याहून बेरकी चूक वेगळीच. ‘रॉ=१’ची लिंक ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या पट्टीत पत्ता बदलून भलामोठा, अगम्य होतो. चित्र दिसतंय म्हणून लोक तोच पत्ता उचलून ब्लॉगमध्ये चिकटवतात. संध्याकाळपर्यंत सगळं झकास चालतं. तो पत्ता तात्पुरता असतो, काही तासांत बाद होतो. माणूस मात्र ‘काल तर दिसत होतं’ म्हणत राउटर बंद-चालू करत बसतो. आणि एचटीएमएल पानाला तर यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला दुसरं घरच शोधावं लागतं.

दुसरं घर शोधण्याआधी आपली किती बिऱ्हाडं विखुरली आहेत ते मोजावं लागतं. ब्लॉगचा बॅकअप उतरवून घ्या. ती एकच लांबलचक मजकुराची फाइल असते. नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडून ‘ड्रॉपबॉक्सयूजरकंटेंट’ शोधा, आणि त्याच्याही आधीचे पत्ते नुसत्या ‘डीएल डॉट ड्रॉपबॉक्स’ने सुरू व्हायचे, तेही शोधा. सापडलेला प्रत्येक पत्ता एक्सेलच्या एका रकान्यात, शेजारी नवा. वर्डप्रेस असेल तर बेटर सर्च रिप्लेस हे प्लगइन एका झटक्यात बदलून देतं. त्यातली ‘ड्राय रन’ची, म्हणजे नुसत्या रंगीत तालमीची, खूण आधी ठेवा, नाहीतर इंग्रजी ‘डीएल’ बदलताना एखाद्या लेखातलं इंग्रजी ‘हॅंडल’सुद्धा बदलून निघतं. शोधायचा तुकडा जितका लांब तितकी फजिती कमी.

आता मराठी माणसाचा खास प्रसाद. फाइलला नाव देवनागरीत ठेवायचं आणि तेही ऐसपैस, हा आपला बाणा. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार सगळे नऊ-नऊ अक्षरांचे. ‘दिवाळी’मध्ये अशी सहा चिन्हं, म्हणून ५४ अक्षरं. ‘अंक’ची २७. मधल्या मोकळ्या जागेची ३. ‘दिवाळी अंक’ एवढंच नाव ८४ अक्षरांचं होतं, आणि संपादक मंडळाला तर त्यात वर्ष, विशेषांकाचा विषय आणि ‘अंतिम प्रत खरोखर अंतिम’ हेही घालायचं असतं. व्हॉट्सॲपवर ही लिंक आली की बघणाऱ्याला वाटतं, फोन हॅक झाला. हाताने टाइप केलेल्या पत्त्यात मोकळी जागा तशीच राहिली तर लिंक तिथेच तुटते: निळी रेघ ‘दिवाळी’खाली, ‘अंक’ बाहेर उभा.

त्याहून खोल पाण्यात आहे तो आपला लाडका अर्धा र. ‘वारकऱ्यांची यादी’ हे नाव कॉम्प्युटरला तीन प्रकारे लिहिता येतं: ऱ हे एकच चिन्ह, किंवा र आणि त्याखाली नुक्ता, किंवा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला तिन्ही सारखी. जुन्या मॅकवर तर पहिल्या पद्धतीने लिहिलेलं नाव साठवतानाच दुसऱ्या पद्धतीचं होऊन जायचं. पत्ता एका पद्धतीने, फाइल दुसऱ्या पद्धतीने, आणि सर्व्हर शांतपणे सांगतो, ‘अशी फाइल नाही.’ डोळ्यासमोर असते हो! या रोगावर एकच औषध मला माहीत आहे: लिंक म्हणून बाहेर पाठवायच्या फाइलचं नाव इंग्रजी लहान लिपीत, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ. भाषाभिमान फाइलच्या आत भरपूर दाखवता येतो.

लहान लिपी म्हणण्याला आणखी एक कारण आहे. अख्खी वेबसाइटच बेघर झाली असेल तर गिटहब पेजेस ही वेबसाइट ठेवू देणारी सेवा आजचं सर्वांत सरळ घर: साइट १ जीबीपर्यंत, एक फाइल १०० एमबीपर्यंत, ब्राउझरमधून चढवायची तर २५ एमबीपर्यंत, आणि महिन्याला साधारण १०० जीबीची ये-जा. पण त्याला मोठ्या आणि लहान लिपीतला फरक कळतो. विंडोजला कळत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर ‘फोटो डॉट जेपीजी’ लहान अक्षरांत मागितला आणि कॅमेऱ्याने शेपूट मोठ्या अक्षरांत लावलेलं असलं तरी विंडोज चालवून घेतं. गिटहबवर चढवलं की नेमके कॅमेऱ्यातले फोटो गायब, स्क्रीनशॉट जागेवर. असं अर्धवट मोडलेलं दिसलं तर दोष बहुधा लिपीचाच.

पॉडकास्टवाल्यांचं दुखणं न्यारं. फीडमध्ये, म्हणजे ॲपला नवे भाग कळवणाऱ्या यादीत, प्रत्येक भागाला एक ओळख असते, ‘जीयूआयडी’. पुष्कळ जण तिथे एमपी३चा पत्ताच लिहून मोकळे होतात. पत्ता बदलताना ही ओळखही बदलली, की ऐकणाऱ्यांच्या ॲपला सगळे भाग नवे वाटतात. गणेशोत्सवाचा भाग, त्याआधीचा शिमग्याचा, त्याआधीचा मोसंबीवरच्या रोगाचा, सगळे एकदम ‘नवीन’ म्हणून थडकतात आणि लोकांचा दिवसाचा डेटा दुपारी बारालाच संपतो. पत्ता बदला, ओळख जुनीच ठेवा, ती आता कुठे नेत नसली तरी.

मोठ्या फाइलचं गणित तर कुणीच करत नाही. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यावरच्या लिंकांना दिवसाला २० जीबीची मर्यादा आहे. १० एमबीचा दिवाळी अंक असेल तर दोन हजार डाउनलोडांत ती संपते. दोन हजार हा आकडा साहित्याला मोठा आहे, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला नाही. मर्यादा ओलांडली की लिंक काही काळ बंद आणि वाचकाला सूचना की या खात्यावरून फार वाहतूक होते आहे. आयुष्यात प्रथमच एवढे वाचक मिळालेल्या संपादकाला हे शब्द कसे लागत असतील! गूगल ड्राइव्हवर १०० एमबीच्या वरच्या फाइलला ‘व्हायरस तपासता आला नाही’ असं मधलं पान येतं, म्हणजे पुन्हा यंत्र अडलं. शिवाय तिथे मूळ सेटिंग ‘रिस्ट्रिक्टेड’ असतं. ते ‘लिंक असलेला कुणीही’ असं बदलायचं राहिलं की रात्री दोनला अनोळखी माणसांचे परवानगी मागणारे मेल सुरू होतात, तेही मंडळाच्या जुन्या जमाखर्चासाठी. आणि १३ सप्टेंबर २०२१ पासून ड्राइव्हच्या काही जुन्या लिंकांनाही आणखी एक किल्ली जोडावी लागली, त्यामुळे तेव्हा ज्यांनी ‘आम्ही शहाणे, ड्राइव्हवर गेलो’ म्हणून मिरवलं होतं तेही रांगेत येऊन उभे राहिले.

शहाणी माणसं स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घेतात. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च. लोकांना पत्ता द्यायचा आपल्या डोमेनचा, तो वळवायचा फाइल जिथे असेल तिथे. फाइलने बिऱ्हाड हलवलं की वळण तेवढं बदलायचं. वळण ३०२ प्रकारचं ठेवा, म्हणजे तात्पुरतं. ३०१ म्हणजे कायमचं, ते ब्राउझर लक्षात ठेवतो आणि मग तुम्ही बदललं तरी हट्टाने जुन्या जागी जातो. हजार रुपये वाचवायला लोक लिंक छोटी करून देणाऱ्या फुकट सेवेकडे जातात. गूगलची अशी सेवा गूडॉटजीएल. नव्या लिंका करणं केव्हाच बंद झालं होतं, जुन्या २५ ऑगस्ट २०२५ पासून मरणार असं जाहीर झालं, मग त्याच महिन्याच्या सुरुवातीला थोडी माघार घेऊन फक्त वापरात नसलेल्या मारायचं ठरलं.

आणि हीच करामत आता कागदावर आली आहे. लग्नपत्रिकेवर, स्मरणिकेवर, देवस्थानाच्या पावतीवर क्यूआर कोड असतो. फुकट कोड बनवून देणाऱ्या बऱ्याच साइटी त्यात तुमचा पत्ता न घालता स्वतःचा घालतात आणि तिथून वळवतात. चौदा दिवसांची वगैरे चाचणी संपली की वळण बंद. छापायला देण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा आणि दाबण्यापूर्वी वर कोणता पत्ता दिसतो ते वाचा. तुमचा नकाशा किंवा तुमची फाइल दिसली तर छापा. कोड बनवणाऱ्याचंच नाव दिसलं तर थांबा, नाहीतर वरातीच्या दिवशी नागपूरचे काका पत्रिका स्कॅन करतील आणि मांडवाच्या जागी महिन्याचा प्लॅन घ्यायचा की वर्षाचा, असं त्यांना विचारलं जाईल. काका वर्षाचा घेतील. वर्षाचा स्वस्त पडतो.